मृतांच्या यादीत नसलेला रकाना

२०२०च्या उन्हाळ्यात चेन्नईतील माझ्यासारख्या अनेकांची संध्याकाळ तमिळनाडूच्या आरोग्य खात्याच्या दैनिक पत्रकाची वाट पाहण्यात जात असे. अनेक राज्ये मृतांचा केवळ आकडा जाहीर करत होती; तमिळनाडूचे पत्रक मात्र प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र नोंद देत होते. मृताचे नाव नसे. परंतु वय, स्त्री की पुरुष, जिल्हा, मधुमेह वा उच्च रक्तदाबासारखे आधीचे आजार, रुग्णालय, दाखल झाल्याची आणि मृत्यूची तारीख हे सारे असे. त्या काळातील अधिक प्रामाणिक सरकारी कागदांत मी त्याची गणना करतो.

ती पत्रके अलीकडे पुन्हा चाळताना मात्र त्यांत जे नाही तेच अधिक खुपले. मृत व्यक्ती कोठे राहत होती आणि तिला संसर्ग कोठे झाला, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांत कोठेही नाहीत. सत्तरी ओलांडलेला एखादा मधुमेही पुरुष मुलाच्या घरी राहत होता की वृद्धाश्रमात? एखादी वृद्ध स्त्री करोनामुळेच रुग्णालयात आली, की खुब्याचे हाड मोडले म्हणून आली आणि तिथल्या वॉर्डात तिला करोना झाला? यासाठी रकानाच ठेवलेला नव्हता. मृत्यू नोंदणीच्या आपल्या नेहमीच्या अर्जातही मृत्यूचे ठिकाण विचारले जाते. वृद्धाश्रमातून रुग्णालयात नेलेली व्यक्ती तेथे दगावली की तिची नोंद रुग्णालयात होते आणि तो आश्रम कागदावरून नाहीसा होतो.

या त्रुटीमागे भाषेचाही थोडा हात असावा. ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्याला गल्लीतले वीस खाटांचे खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह आठवते. महाराष्ट्राचा १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा अशाच रुग्णालयांसाठी आहे. पाश्चात्त्य देशांत हाच शब्द परावलंबी वृद्धांच्या कायम निवासाला वापरतात. आपल्याकडे ते काम वृद्धाश्रम, धर्मादाय संस्था, सरकारी मनोरुग्णालये आणि आता ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हणवणाऱ्या महागड्या इमारती अशा सर्वांत विखुरले आहे. समाजकल्याण खात्याच्या दृष्टीने हे निवासस्थान, आरोग्य खात्याच्या दृष्टीने रुग्णालय नव्हे. साथ नेमकी या दोन खात्यांच्या मधल्या फटीतून आत शिरते.

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. माझी मावशी, जिला आम्ही चित्ती म्हणतो, त्या वर्षी चेन्नईच्या दक्षिणेकडील एका वृद्धाश्रमात राहत होती. मार्चमध्येच आश्रमाने नातेवाइकांना फाटकाबाहेर थांबवले आणि ते योग्यच होते. पण तिला अंघोळ घालणारी आया त्याच आठवड्यात रात्रपाळीला एका रुग्णालयात जात होती, कारण दोन नोकऱ्यांशिवाय तिचे घर चालत नव्हते आणि ताप आल्यास पगारी रजा दोन्हीकडे नव्हती. ऑगस्टमध्ये चित्ती पडली. खासगी रुग्णालयात पाचव्या दिवशी तिला घरी सोडले. डिस्चार्जच्या कागदावर हाडापासून आहारापर्यंत सर्व काही होते, करोनाच्या चाचणीचा उल्लेख नव्हता. आश्रमाकडे वेगळी खोली नव्हती. ती आपल्या चार खाटांच्या खोलीत परतली. दहा-बारा दिवसांनी शेजारच्या खाटेवरील आजींना ताप आला आणि त्या गेल्या. संसर्ग चित्तीने आणला, आयाने आणला की आणखी कोणी, हे आता कधीच कळणार नाही. कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. चित्ती बरी आहे एवढ्यावर माझे समाधान झाले होते.

नेमक्या याच प्रकारच्या निर्णयावर इंग्लंडमध्ये खटला झाला. मार्च २०२०मध्ये खाटा मोकळ्या करण्यासाठी रुग्णांना चाचणीविना शुश्रूषागृहांत पाठवण्याचे धोरण तेथील सरकारने घेतले. पहिल्या लाटेत इंग्लंडच्या शुश्रूषागृहांतील सुमारे २० हजार रहिवासी दगावले. वडील गमावलेल्या दोन महिला न्यायालयात गेल्या आणि २७ एप्रिल २०२२ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. लक्षणे नसलेल्या व्यक्तीकडून वृद्धांना होऊ शकणाऱ्या संसर्गाचा विचारच केला गेला नाही, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप होता. कॅनडात पहिल्या लाटेतील करोनामृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के अशा निवासांशी निगडित होते. क्यूबेक आणि ओंटारिओ प्रांतांत शुश्रूषेसाठी सैनिक पाठवावे लागले. या देशांनी आपल्यापेक्षा चांगली काळजी घेतली असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याकडे फक्त मृतांचा निवास नोंदलेला होता, म्हणून दोष दाखवता आला.

आपल्याकडे असे झाल्याची उदाहरणे आहेत, ती अपघातानेच उजेडात आली. चेन्नईतील रोयापुरमच्या सरकारी बालगृहात ३५ मुलांना संसर्ग झाल्याचे समोर आल्यावर ११ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडू सरकारकडे खुलासा मागितला. बालगृहांविषयी न्यायालयाने एप्रिलमध्येच स्वतःहून निर्देश दिले होते. वृद्धाश्रमांतील कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने पुरवण्याविषयीचा आदेश यायला ४ ऑगस्ट उजाडला, आणि आश्रमनिहाय आकडेवारी त्यानंतरही जनतेसमोर आली नाही. नोव्हेंबर २०२१च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यातील सोरगावच्या वृद्धाश्रमात सरसकट चाचण्या झाल्या, तेव्हा साठहून अधिक जण बाधित निघाले. त्यांतील बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या. तपासले म्हणून दिसले.

रुग्णालयांचीही तीच गत. चेंगलपट्टूच्या सरकारी रुग्णालयात मे २०२१च्या एका रात्रीत १३ रुग्ण दगावले आणि ऑक्सिजनच्या पुरवठ्यावरून वाद पेटला. त्याआधी दोन आठवडे, २१ एप्रिलला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या गळतीने दोन डझनांच्या आसपास बळी घेतले. या घटना आपल्याला आठवतात, कारण त्या एका ठिकाणी, एका वेळी घडल्या. वॉर्डात होणारा संसर्ग एकेकाला गाठतो आणि प्रत्येक मृत्यूला आधीच्या आजाराचे कारण चिकटते. एप्रिल २०२०च्या आरंभी मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयातील २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाल्यावर ते रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेव्हा बाधित कर्मचारी मोजले गेले. त्या काळात देशभरातील रुग्णालयांत इतर आजारांसाठी दाखल झालेल्यांपैकी किती जणांना तेथेच संसर्ग झाला, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

दार बंद करणे हा यावरचा उपाय आहे, असे मानणाऱ्यांनी आपल्या रुग्णालयांची रचना पाहावी. आपल्याकडे खाटेशेजारी बसलेला नातेवाईक भरवतो, कूस बदलवतो, औषध आणतो, परिचारिकेला हाक मारतो. २०२०मध्ये त्याला बाहेर काढले, त्याचे काम कोणाकडेही सोपवले नाही. जळगावच्या जिल्हा रुग्णालयात बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी तेथील स्वच्छतागृहात सापडला, तो याच व्यवस्थेत. प्रत्येक रुग्णामागे ठरलेली एक व्यक्ती, तिला मास्क, तिची नियमित चाचणी आणि उघडणारी खिडकी, एवढे केले तरी विषाणू आणि हेळसांड दोन्ही आटोक्यात राहू शकतात.

वृद्धाश्रमात राहणारे भारतीय संख्येने थोडे, मग एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप मी ऐकला आहे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२१च्या अहवालानुसार तमिळनाडूत साठीपुढील लोकसंख्या १३.६ टक्के आहे. त्याहून अधिक फक्त केरळात. मुले परदेशी असलेल्या मध्यमवर्गासाठी चेन्नई आणि कोइम्बतूरच्या भोवती नव्या संस्था उभ्या राहत आहेत. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. नोंद सक्तीची केली तर संस्था लपवतील. एप्रिल २०२०मध्ये करोनाने गेलेल्या न्यूरोसर्जन डॉ. सायमन हर्क्युलिस यांच्या दफनाला याच शहरात जमावाने दगडफेक करून विरोध केला. अशा शहरात आपल्या आश्रमात बाधित आहेत हे कोणता व्यवस्थापक आपण होऊन सांगेल? म्हणून नोंद आरोग्य अधिकाऱ्याकडे व्हावी, संस्थेचे नाव तत्काळ वृत्तपत्रात जाऊ नये, आणि वेळेवर कळवणाऱ्यावर गुन्हा नव्हे तर मदत यावी: चाचणी संच, बदली कर्मचारी, आयाची पगारी रजा. लपवणाऱ्याला मात्र दंड हवाच.

हे राज्याला झेपणार नाही असेही नाही. चेन्नई महापालिकेची मृत्युनोंद आणि राज्याचा आकडा जुळत नसल्याचे निदर्शनास आल्यावर समिती नेमली गेली आणि २२ जुलै २०२० रोजी राज्याने आधी न धरलेले ४४४ मृत्यू आपल्या यादीत घातले. आकडा वाढल्याने सरकार कोसळले नाही. पत्रकात निवासाचा प्रकार आणि दाखल होतानाचे निदान असे दोन रकाने वाढवायला तर नवा कायदाही नको, शासकीय आदेश पुरे.

शहराच्या गिंडी भागात, किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात, वृद्धांच्या उपचारासाठी राष्ट्रीय केंद्राची इमारत उभी राहिली होती. जुलै २०२०मध्ये ती करोना रुग्णालय म्हणून वापरात आली. ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्यासाठी ती उघडली फेब्रुवारी २०२४मध्ये, २०० खाटांसह. पुढच्या साथीत ही इमारत पुन्हा मागितली जाईल, यात मला शंका नाही. त्या दिवशी तेथील वृद्धांना कोठे हलवणार, हलवण्यापूर्वी त्यांची चाचणी कोण करणार, आणि ते ज्या आश्रमांतून आले तेथे त्यांच्यासाठी एक वेगळी खोली आहे की नाही, हे आज विचारले तर सरकारला उत्तर शोधायला अजून वेळ आहे.