पडवीतला पडदा

२०१६च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला जुना वाडा, नाईकांचं भलंमोठं कुटुंब, अण्णांचा मृत्यू, जमिनीचे वाद आणि भुताखेतांचे भास. कोकण म्हणजे फक्त करणी आणि देवस्की का, असं विचारत मालिका बंद करण्याची मागणी झाली. दुसरीकडे, मुंबईच्या शाळेत मालवणी बोलल्यावर ज्यांची थट्टा झाली होती, ती माणसं मालिकेतल्या पांडूचं मालवणी बोलणं ऐकून सुखावली. वाडा बघायला आकेरीत गाड्या येऊ लागल्या.

त्या वादात मीही हिरिरीने होते. मालिकेतल्या भुतांबद्दल माझं मत आजही कडकच आहे. पण आता मागे वळून बघताना मला त्या भांडणांचंच मोल वाटतं. रात्री साडेदहाला टीव्हीसमोर आजी, सून, दहावीतला नातू, शेजारची काकी असे सगळे बसलेले असत. सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी पाहिलेली असे, म्हणून त्यावर भांडता येई. आजी मध्येच म्हणे, “भूत बीत काय नसता रे, माणसाच्या मनातच असता ता.” आपली आजी काय मानते आणि काय मानत नाही, हे नातवाला त्या एका वाक्यातून कळे. काल रात्री त्याच घरातल्या मुलाने मोबाइलवर काय पाहिलं, ते आज घरात कुणालाच माहीत नाही. तो घाबरला असेल, चुकीचं काही खरं मानून बसला असेल, नाहीतर एखादं फार सुंदर काही बघून हरखलाही असेल. विचारायचं कुणाला आणि सांगायचं कुणाला?

सिंधुदुर्गात चित्र बघण्याची परंपरा टीव्हीच्या कितीतरी आधीची आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रं, एकेका आख्यानाची एकेक पोथी. सांगणारा एक चित्र समोर धरतो, वाद्याच्या साथीने त्याचा प्रसंग गाऊन सांगतो आणि तो संपला की पुढचं चित्र काढतो. या कलेला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. ती आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला. मला त्या कलेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चित्रासोबत सांगणारं माणूस असतं. पोराने मध्येच तोंड उघडून ‘ह्यो कोण?’ विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी शेजारी असतं.

दशावताराचंही तसंच. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की गावागावांतून दहिकाला होतो. देवळासमोर गोणपाट, चटया टाकून बायामाणसं बसतात, पोरं खाजा खातखात मांडीवर झोपून जातात आणि “उठ रे, संकासूर इलो!” म्हणत आजी त्यांना जागं करते. नाटकाचं कथानक ठरलेलं असतं, संवाद मात्र नट रंगमंचावर जागच्या जागी रचतो. समोरच्या गर्दीचा चेहरा वाचत तो बोलतो. त्या गर्दीत गावचा मानकरी असतो, सत्तरीची म्हातारी असते, पाच वर्षांचं पोर असतं. एखाद्या प्रसंगात किती हसवायचं, किती घाबरवायचं, कुठे हात आखडता घ्यायचा, हे त्या सगळ्यांकडे बघून ठरतं.

मोबाइलमधलं यंत्रही बघणाऱ्याचा चेहरा वाचतंच. बोट कुठे थांबलं, कुठला व्हिडिओ पुन्हा पाहिला, याची ते नोंद ठेवतं आणि त्याच जातीचं आणखी पुढे सरकवतं. पण त्याच्या समोर एकटं पोर असतं. शेजारी आजी नसते, मानकरी नसतो, म्हणून हात आखडता घ्यायला त्याला कारणच उरत नाही. मुलांचं काय बिघडतंय असं पालक विचारतात तेव्हा मी हेच सांगते. चित्र वाईटच असेल असं नाही, पण चित्रासमोरची गर्दी गेली आणि गर्दीबरोबर राखणही गेली.

यात तंत्रज्ञानाला शत्रू मानायची माझी तयारी नाही. दशावतारी मंडळींनी माइक घेतला, रंगीत दिवे घेतले, ट्रिकसीन आणले आणि प्रेक्षक टिकवला. २०२०च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातली पशुवैद्यकीय शिकणारी एक मुलगी रेंज मिळावी म्हणून भर पावसात डोंगरावरच्या झोपडीत बसून वर्ग ऐकत होती. तिच्यासाठी मोबाइल म्हणजे शिक्षणच होतं. जहाजावर असलेला मुलगा चतुर्थीला व्हिडिओ कॉलवर घरच्या आरतीत टाळ्या वाजवतो तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी येतं, तेही खरंच आहे. सप्टेंबर २०२५मध्ये सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ चित्रपट आला. त्यातला दिलीप प्रभावळकरांचा म्हातारा दशावतारी बघायला घरंच्या घरं एकत्र निघाली. दशावतार कधी न पाहिलेल्या मुंबईकर नातवंडांनी थेटरातून बाहेर पडताना आजोबांना प्रश्न विचारले. पडदा माणसांना जवळही आणतो, हे आपण नुकतंच पाहिलं आहे.

मग मालवणच्या किनाऱ्यावरची पोरं एकटी का पडली? या प्रश्नाचं उत्तर ‘आजकालचे पालक’ असं देऊन मोकळं होता येत नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आज तारकर्ली-देवबागला बऱ्याच घरांनी पुढच्या खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि घरची माणसं मागच्या पडवीत गेली. ऑक्टोबर ते मे हा कमाईचा हंगाम. बाप सकाळपासून बोटीवर. आई दुपारी सुरमईच्या थाळ्या वाढते, संध्याकाळी पुन्हा वाटप वाटते, आणि शेवटचा पाहुणा जेवून उठेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. पाहुण्यांसमोर पोराने दंगा करू नये म्हणून त्याच्या हातात मोबाइल जातो. त्या बाईला दोष देणं मला जमणार नाही, कारण तिला मदतीला दुसरा हात नाही. तिला स्वतःचा फोनही खाली ठेवता येत नाही, कारण पुढच्या शनिवारचं बुकिंग त्यावरच यायचं असतं. त्यासाठी नवरा बोटीवरून रोज रील टाकतो. घराचं उत्पन्न ज्या पडद्यातून येतं त्याच पडद्यापासून पोराला लांब ठेव असं तिला सांगायचं, तर आधी तिच्या संध्याकाळची काही सोय करायला हवी.

हे फक्त आपल्या किनाऱ्यापुरतं नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसलं. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून वेगळा मार्ग धरला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. या गावाबद्दल मला मनापासून आदर आहे. कायद्याची वाट न बघता त्यांनी आपसांत ठरवलं, आणि मोठ्यांनी स्वतःलाही त्या नियमात घातलं.

तो भोंगा आपल्याकडे तसाच आणता येईल असं मात्र मला वाटत नाही. आपली गावं वाड्यावाड्यांत आणि माडापोफळींत विखुरलेली. खालच्या वाडीतला भोंगा वरच्या वाडीला ऐकू जायचा नाही, आणि सात वाजता तर आपल्या चुली पाहुण्यांसाठी पेटलेल्या असतात. शिवाय आपला रोग थोडा निराळा आहे. पडदा बंद करून दीड तास मिळेल, पण उरलेल्या वेळात पोर पुन्हा एकटंच बघणार. आपल्याला पडद्यासमोर माणसं परत बसवायची आहेत.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी आमच्या वाडीतर्फे एक साधी मागणी ठेवणार आहे. आठवड्यातली एक रात्र शाळेचा प्रोजेक्टर देवळाच्या मंडपात लावायचा. काय बघायचं ते आळीपाळीने एकदा पोरांनी ठरवायचं, एकदा म्हाताऱ्यांनी. पोरांच्या पाळीला त्यांचे रील, त्यांचे खेळाचे व्हिडिओ, जे ती एरवी एकटी बघतात ते सगळ्यांसमोर लावायचं आणि म्हाताऱ्यांनी तोंड वाकडं न करता शेवटपर्यंत बसायचं. बघून झालं की लगेच घरी जायचं नाही, अर्धा तास बोलायचं. कुणाला काय पटलं नाही ते तिथेच भांडून घ्यायचं.

वार कुठला, यावर बायकांशी बोलणं झालं आहे. शनिवार-रविवार शक्यच नाही, पाहुणे असतात. सोमवारी पाहुणे पांगलेले असतात आणि पुष्कळ घरांत त्या दिवशी शिवराक असतं. मासे साफ करायचे नाहीत, वाटपही थोडं, आठपर्यंत चूल मोकळी होते. सोमवार धरावा असं त्यांचं म्हणणं आहे.