खरे स्मारक कोणते?

मुंबई बंदराने इंग्रजी अमदानीत अनेक गव्हर्नर पाहिले. त्यांपैकी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९–१८२७) यांचे नाव लोकांनी विशेष आदराने जपले. चँट्री या शिल्पकाराने घडविलेला त्यांचा संगमरवरी पुतळा टाउन हॉलात उभा आहे. तो पाहावयास मुद्दाम जाणारे किती? उलट, ते अधिकार सोडून निघाले तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी जमवून त्यांच्या नावे अध्यापक नेमण्याची तजवीज केली. तिच्यातून निघालेल्या विद्यालयात दादाभाई नौरोजी शिकले व पुढे शिकवितेही झाले. पुतळा शोभेस राहिला; विद्यालय लोकांच्या उपयोगी पडले.

हीच कसोटी आम्ही गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधास लावू इच्छितो. येथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. ते कोणी गव्हर्नर नव्हते. डोंगरांमधील पाणी मातीच्या पाळीने अडवावे आणि त्यावर भात व ऊस पिकवावा, ही कोहळी समाजाची पिढीजात विद्या त्यांच्यापाशी होती. लोकांनी त्यांना कोलासुर म्हणून देवपद दिले. ही कृतज्ञता स्तुत्य होय. परंतु देवास नारळ वाहिल्याने पाळीविषयीचे कर्तव्य फिटते, असे आम्हांस वाटत नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे न्यायाचेच झाले. मात्र तिच्याबरोबर तलावांची जुनी देखभालही गेली. मालकी सरकारकडे आली आणि जे सरकारचे ते कोणाचेच नव्हे, अशी वृत्ती बळावली. पूर्व विदर्भातील कित्येक तलाव व बोड्या गाळाने उथळ झाल्या. त्याची झळ प्रथम कोणास लागते? शेवटच्या पाण्यावाचून ज्याचे धान वाळते त्या शेतकऱ्यास, आणि ज्याच्या जाळ्यात मासळी येईनाशी होते त्या ढिवरास.

म्हणून थोरांच्या पुतळ्यांसाठी वर्गणीच्या याद्या फिरविणाऱ्या पुढाऱ्यांस व सरकारास आमचे स्पष्ट सांगणे आहे: आधी गाळ काढा, पाळी व तुडुमे दुरुस्त करा, आणि त्या कामाच्या पैशावर शेतकरी व ढिवर यांची देखरेख ठेवा. तलाव भरलेला राहील, तर कोलू पाटलांस निराळ्या पुतळ्याची गरज उरणार नाही. तो आटला, तर कोणताही पुतळा आपली लाज झाकू शकणार नाही.