दया तुमची, विटाळ आमचा?

"प्राण्यांवर दया करा म्हणता, पंचशील घेता, मग मटण कसं खाता?" नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. पण तो आमच्याच दारात का विचारला जातो?

या विसंगतीचा मानसशास्त्राने अभ्यास केला आहे. लॉनन, हॅस्लम आणि बॅस्टियन यांचा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुकतेच गोमांस खायला दिले होते, त्यांनी सुकामेवा खाणाऱ्यांपेक्षा कमी प्राण्यांना सहानुभूतीस पात्र मानले. म्हणजे ताटात मांस आले की माणूस प्राण्याचे दुःखच लहान करतो.

आपल्या देशात मात्र एकट्या मनाला हे कष्ट पडत नाहीत. जातीने ते काम वाटून दिले आहे. पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारायची. तोच बैल थकला की हाळी-हंडरगुळीच्या बाजारात विकायचा आणि पुढे तो कुठे गेला हे विचारायचे नाही. गोठ्यात मेला तर ओढायला महार, कातडे कमवायला ढोर, जोडा शिवायला चांभार. जोडा मालकाच्या पायात, विटाळ मात्र आमच्या माथी! मृत मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले, ते या माणूसपण हिरावणाऱ्या वाटणीविरुद्धच.

२०१५ च्या कायद्याने राज्यात गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीवर अशी सरसकट बंदी नाही. मग ही करुणा आहे की पावित्र्य? करुणा असती तर तिने म्हशीचे दुःखही पाहिले असते. आणि लालकंधारी, देवणी बैल पोसणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने थकलेल्या जनावराचा चारा कुठून आणायचा, याचेही उत्तर दिले असते.

म्हणून आम्ही प्रश्नातून सुटलो का? नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. त्यांच्या मते बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. नियम पाळता येतो. तत्त्वासाठी विचार करावा लागतो. लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर टाकून दिलेले मटण ही कुणाचीही गरज नव्हे. हे आपण आपल्याच समाजात उभे राहून बोलले पाहिजे.

प्रश्न जरूर विचारा. पण खाणाऱ्याला विचारता तसा दूध पिणाऱ्याला, जोडा घालणाऱ्याला आणि बैल विकणाऱ्यालाही विचारा. ज्याची दया माणसापाशी येऊन थांबते, त्याने आमच्या ताटात डोकावू नये.

जय भीम!