गटाच्या वहीतला एक रकाना
बचत गटात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बैठकीतलं विचारणं: पैसे कशाला हवेत, कसे फेडशील? १९९२ साली नाबार्डने गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून कौतुक मोठ्या कर्जांचंच होत आलं. पण छोट्या कर्जाचं मोलही बघा: सावकाराचे महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. गटाने शेकडा दोन लावले तरी ते व्याज बायकांच्याच पेटीत राहतं. आता मायक्रोफायनान्सवाले दारात येतात. एका कंपनीचा हप्ता भरायला बाई दुसरीकडून उचलते, आणि लाजेपायी गटात बोलत नाही. तिला दटावू नका, हिशेबाला शेजारी बसा. बाहेरच्या हप्त्यांसाठी वहीत एक रकाना येत्या बैठकीतच आखा.