छांदिष्टांची हेटाळणी

नवा फोन हाती आला की मनुष्य हल्ली स्वतःस ‘गीक’ म्हणवून घेतो. हा बिल्ला इतक्या स्वस्तात वाटणे आम्हांस मान्य नाही. गीक म्हणजे छांदिष्ट, आणि छांदिष्ट पाहावयाचा तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर पाहावेत. १९०५ साली डहाणूस जन्म. पुढे १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तरकी. विद्यापीठाचे आसन कधी लाभले नाही. त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या बाकीवर हेच करीत राहावे. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४! फार तर सात वजाबाक्या लागतात.

“पण याचा उपयोग काय?” असे आपल्यातील शहाणे विचारतात. एका अभंगावर सारी रात्र रंगविणाऱ्या कीर्तनकारबुवांस हे कोणी विचारीत नाही, आणि ते योग्यच. मग अंकांत रंगलेल्या मास्तरांचीच थट्टा का? १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनरांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगात त्यांचा बोलबाला झाला. मास्तर त्या वेळी सत्तरीचे होते. आणि आजही एखादा मुलगा वहीच्या मागील पानावर असेच आकडे मांडीत बसला, तर “परीक्षेत येणार आहे का हे?” म्हणत ती वही ओढून घेणारे हात आपल्याच घरांतले असतात.