भाड्याने देण्यासाठी घर घ्यावे काय?

जमिनीचा मोबदला म्हणून हाती आलेला पैसा घरात फार दिवस स्वस्थ बसत नाही. थोडा लग्नात, थोडा गाडीत, थोडा जुन्या घरावर माडी चढविण्यात असा तो वाट फुटेल तिकडे निघून जातो. हे जाणणारे कुटुंबप्रमुख म्हणतात, शहरात एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे, म्हणजे दर महिन्यास चार पैसे येत राहतील. पालघर जिल्ह्यातून बुलेट ट्रेन व मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग यांसाठी भूसंपादन झाल्यापासून हा विचार पुष्कळ घरांत शिरला आहे. विचार वाईट नाही. परंतु शेत घेताना विहिरीला पाणी किती महिने असते, एकरी काय पिकते, बांधावरून तंटा आहे काय, हे सारे विचारणारा माणूस शहरातील घर घेताना मात्र दलालाच्या शब्दावर विसंबतो, याचे आम्हांस नवल वाटते. घराचेही पीक मोजता येते.

मुंबईचे उदाहरण घेऊ. समजा, घराची किंमत १ कोटी रुपये आहे व त्यास महिना २५ हजार रुपये भाडे येते. वर्षाचे ३ लाख झाले, म्हणजे शेकडा ३. त्यातून सोसायटीचा खर्च, महापालिकेचा कर, रंगरंगोटी आणि एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा रिकामा महिना वजा केला, तर शेकडा सव्वादोन-अडीच उरले तरी पुष्कळ. आता यासाठी बँकेकडून ७५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांकरिता काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६५ हजार पडतो. भाडे २५ हजार, हप्ता ६५ हजार. उरलेले ४० हजार कोठून येणार? "किंमत वाढेल," असे दलाल सांगतो. वाढेलही, परंतु ती वाढ घर विकल्यावाचून हाती येत नाही, आणि गरजेच्या वेळी घर दोन दिवसांत विकले जात नाही. पहिलेच घर कर्ज काढून महागड्या शहरात भाड्यासाठी घेणे, हे आमच्या मते सामान्य कुटुंबाने करू नये.

मग ज्या वडोदऱ्याकडे हे दोन्ही नवे मार्ग जातात, तिकडे काही आढळते काय? गायकवाडांच्या या राजधानीत मराठी परकी नाही. शहराच्या दक्षिणेस मकरपुरा आहे. तेथील जुना राजवाडा आज वायुदलाकडे आहे. पण भाड्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तेथील औद्योगिक वसाहत. लहानमोठ्या कारखान्यांतील कामगार, कारागीर व नवशिके अभियंते यांस जवळपास खोली हवी असते. समजा, येथे ३० लाखांच्या घरास १० हजार भाडे आले, तर ते शेकडा ४ झाले. मुंबईपेक्षा बरे, परंतु बँकेच्या व्याजाहून हेही कमीच. म्हणून येथेही कर्ज शक्य तितके थोडे असावे. शिवाय गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के व नोंदणी शुल्क १ टक्का असते. ३० लाखांवर हे १ लाख ७७ हजार होतात, म्हणजे जवळजवळ दीड वर्षाचे भाडे घरात पाऊल टाकण्यापूर्वीच गेले! खरेदी केवळ स्त्रियांच्या नावे असल्यास नोंदणी शुल्क माफ होते, हे गृहिणींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

बांधकाम चालू असलेले घर घेणाऱ्याने २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली, म्हणजे रेराखाली, प्रकल्पाची नोंदणी झाली आहे काय हे आधी पाहावे. नोंदलेला करार होण्यापूर्वी बांधकाम करणाऱ्यास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. किंमत ठरविताना भिंतीआतील चटईक्षेत्र किती, हेच विचारावे. वडोदऱ्याच्या काही भागांस १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा लागू आहे. लोक त्यास अशांत धारा म्हणतात. तेथे कलेक्टरच्या परवानगीवाचून मालमत्तेची विक्री होत नाही. तेव्हा इसारा देण्यापूर्वी ही चौकशी करावी. सोसायटीचे नियमही वाचावेत. कोठे एकटे तरुण चालत नाहीत, कोठे मांसाहार करणारे चालत नाहीत. आपल्याकडील मुले नोकरीसाठी गेली असता दारातून परत फिरली आहेत, हे वाचकांस ठाऊक आहेच. कामगारांच्या वस्तीत घर घेऊन सोसायटी कामगारासच नको म्हणाली, तर घर रिकामेच राहावयाचे.

आणि पावसाळ्यात जाऊन पाहावे. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिने ३५ फूट ओलांडले आणि शहरातील अनेक वस्त्या पाण्यात गेल्या. पाणी कोठवर चढले होते हे विकणारा सांगणार नाही, पण कोपऱ्यावरचा दुकानदार सांगेल.

कागद पक्का करण्यास कोणी संकोच मानू नये. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने पुष्कळ भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर गोठविली. युद्धानंतर घराची टंचाई होती, भाडेकरूस रस्त्यावर येऊ न देणे योग्यच होते. परंतु ती भाडी पुढे दशकानुदशके तशीच राहिली, आणि ज्या चाळींचे भाडे दुरुस्तीसही पुरेना त्या मोडकळीस आल्या. महाराष्ट्रात त्याची जागा १९९९ च्या कायद्याने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यानुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी करून नोंदविणे ही मालकाची जबाबदारी आहे. गुजरातेत मूळचा १९४७ चाच कायदा १९६० नंतर पुढे चालला. तेथे ११ महिन्यांचा करार करण्याची वहिवाट आहे, कारण वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. अनामत रकमेची व दर महिन्याच्या भाड्याची पावती द्यावी. ती भाडेकरूच्या जितकी उपयोगी, तितकीच आपल्याही. भाडे हे उत्पन्न आहे व त्यावर आयकर लागतो. मात्र पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सूट मिळते.

राहिला प्रश्न किल्लीचा. वसईहून वडोदरा साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. नळ फुटला म्हणून दर वेळी गाडीत बसून जाणे होणार नाही. तेथे राहणारा विश्वासू आप्त वा शेजारी नसेल, तर इतक्या दूरचे घर घेऊ नये. असेल, तर त्यास महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी आणि ती पहिल्याच हिशेबात खर्चाच्या बाजूस मांडावी.