गुण आला, पण कशाने?

आषाढाच्या सरी सुरू झाल्या की आमच्या या किनारी मुलुखात विहिरींचे पाणी वर येते आणि त्याबरोबर वयस्कांच्या गुडघ्यांची तक्रारही वर येते. पावसाळी हवेने सांधे खरोखरच अधिक दुखतात, की घरात बसून राहिल्याने दुखणे अधिक जाणवते, हा वाद वैद्यकात अद्याप मिटलेला नाही. तो मिटेपर्यंत आमच्या आज्या आणि आत्या पावसालाच दोष देत राहणार. दुखणे मात्र खरे आहे. देवळाच्या पायऱ्यांवर कठड्याचा आधार शोधणारी, पंगतीत मांडी घालता येत नाही म्हणून खुर्ची मागताना ओशाळणारी माणसे आज घरोघरी आहेत. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण देशात शेकडा साडेआठच्या आसपास होते, तर गोव्यात ते अकराच्या वर होते. म्हातारपण ज्या राज्यात आधी पोचले, तेथे गुडघ्याचे दुखणे हा खाजगी प्रश्न राहत नाही.

आमवात वेगळा आणि झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, वेगळा. येथे आम्ही दुसऱ्याविषयी लिहीत आहोत. सांध्यातील कूर्चा झिजते, हाडे व स्नायू त्याला जमेल तसे तोंड देतात, आणि माणूस लंगडू लागतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजमितीस कोठेही सिद्ध झालेले नाही. तेव्हा सारी धडपड उरते ती दुखणे कमी करण्याची. याच धडपडीवर आज केवढा तरी व्यापार उभा आहे. त्याच्या जाहिराती वृत्तपत्रांच्या पानांवर येतात, त्यांचे पैसे वृत्तपत्रे घेतात, आणि त्यातून आम्ही स्वतःला वगळीत नाही.

या व्यापाराचे भांडवल एकच: 'मला गुण आला' ही साक्ष. ती खोटी असते असे आमचे म्हणणे नाही. साक्षीदार प्रामाणिक असतो; परंतु गुण कशाने आला हे त्यालाच ठाऊक नसते. या दुखण्याला भरती-ओहोटी आहे. दुखणे कळसाला पोचले की मनुष्य औषधाकडे धाव घेतो, आणि त्यानंतर ओहोटी लागायचीच असते. श्रेय मात्र त्या दिवशी हाती पडलेल्या बाटलीला मिळते. म्हणूनच औषधाची परीक्षा करताना काही रुग्णांना खरे औषध आणि काहींना तशीच दिसणारी निव्वळ पिठाची गोळी द्यावी लागते, व कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू द्यायचे नसते आणि डॉक्टरलाही.

अमेरिकेत सरकारी खर्चाने झालेली अशी एक मोठी परीक्षा २००६ साली प्रसिद्ध झाली. ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉयटिन ही 'कूर्चेचे अन्न' म्हणून विकली जाणारी द्रव्ये तीत १५८३ रुग्णांवर चोवीस आठवडे तपासली गेली. ग्लुकोसामीन घेणाऱ्यांपैकी शेकडा ६४ जणांचे दुखणे ठरलेल्या मापाने उतरले. जाहिरातदाराने एवढाच आकडा छापला तर तो खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. परंतु पिठाची गोळी घेणाऱ्यांपैकीही शेकडा ६० जणांचे दुखणे तितकेच उतरले होते! दोन्ही द्रव्ये मिळून घेणाऱ्यांत आकडा ६६ च्या पुढे गेला, तरीही तो फरक योगायोगाच्या कक्षेतच राहिला. ज्यांचे दुखणे मुळातच तीव्र होते अशा थोड्या रुग्णांत या जोडीने बरा गुण दाखविला खरा. परंतु एवढ्या लहान गटावरून निकाल देता येत नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०२२ साली ग्लुकोसामीन देऊ नये असे स्पष्ट सांगितले. आमच्याकडील औषधांच्या दुकानांत त्याची डबी आजही दर्शनी फळीवर असते.

शस्त्रक्रियेची कथा याहून बोलकी आहे. गुडघ्यात दुर्बिण घालून आतला भाग धुण्याची व घासून साफ करण्याची रीत एके काळी जगभर रूढ होती. २००२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी १८० रुग्ण घेतले व त्यांतील एका गटाला, रीतसर संमती घेऊन, केवळ कातडीवर छेद देऊन परत पाठविले. आत काहीच केले नाही. दोन वर्षे पाहणी चालली. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती खोट्या शस्त्रक्रियेवाल्यांहून सरस ठरली नाही. हे रुग्ण बहुतेक पुरुषच होते, असा आक्षेप आला. पुढे २००८ साली कॅनडातील निराळ्या पद्धतीच्या परीक्षेतही शस्त्रक्रिया व व्यायामोपचार मिळून केवळ व्यायामोपचारांहून अधिक काही हाती लागले नाही. ज्यांनी आपल्या धंद्यातील एका किफायतशीर शस्त्रक्रियेला असे उघडे पाडले, त्या डॉक्टरांना आम्ही मानतो.

मग हाच न्याय आमच्या देशी औषधांना लावावा की नाही? लावलाच पाहिजे, आणि तो लावणारे लोक आमच्याच शेजारी आहेत, ही समाधानाची बाब होय. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणसारख्या गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची नोंद केली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, शल्लकी आदी वनस्पतींच्या अर्कांची योगे ४४० रुग्णांवर तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका बाजूस ही योगे, दुसऱ्या बाजूस ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी. चोवीस आठवड्यांनी सर्वांचे दुखणे सारखेच उतरले होते. आयुर्वेदाच्या अभिमान्यांना हे वाचून आनंद होईल, आम्हासही झाला. परंतु या परीक्षेत पिठाच्या गोळीचा गट नव्हता, आणि ज्या ग्लुकोसामीनशी बरोबरी साधली, ते स्वतःच पिठाच्या गोळीपुढे फारसे टिकत नाही, हे विसरून चालणार नाही. शिवाय वनस्पतींची योगे घेणाऱ्या सात जणांच्या यकृताच्या तपासणीत बिघाड दिसला. औषध थांबविताच तो निवळला. 'झाडपाला आहे, अपाय कसला?' या आमच्या लाडक्या समजुतीला हे उत्तर पुरेसे आहे. आणि हे झाले प्रामाणिक औषधाचे. नावगाव नसलेल्या ज्या पुड्या बाजारात मिळतात, त्यांची गोष्ट निराळी. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या एका 'नैसर्गिक' गोळीत डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लपविलेले पकडले होते. तीन दिवसांत चालू लागलेल्या म्हाताऱ्याने चमत्कार मानण्यापूर्वी ही शंका घ्यावी.

वेदनाशामक गोळ्यांना गुण आहे, हे निर्विवाद. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये ७४ परीक्षांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात डायक्लोफेनॅक मोठ्या मात्रेत सर्वांत सरस ठरले आणि घरोघरी चालणारी पॅरासिटामॉल या दुखण्यापुरती जवळजवळ निरुपयोगी ठरली. पण गुणाबरोबर अवगुण येतो: जठरातील व्रण, मूत्रपिंडाची हानी, हृदयविकार. रोफेकॉक्सिब नावाची गोळी याच कारणाने २००४ साली जगाच्या बाजारातून उठली व आमच्या सरकारनेही तिच्यावर बंदी घातली. (हेच डायक्लोफेनॅक गुरांना टोचल्याने मेलेली जनावरे खाणारी गिधाडे नष्ट होत गेली, म्हणून २००६ साली ते गुरांसाठी बंद झाले.) गुडघा कातडीच्या जवळ असल्याने त्यावर तेच औषध मलम म्हणून चोळले तर बराच गुण मिळतो व रक्तात ते फार कमी उतरते. साधा, स्वस्त उपाय. म्हणूनच कदाचित त्याला मान नाही.

इंजेक्शनांविषयी थोडक्यात. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. परंतु ते दर तीन महिन्यांनी दोन वर्षे घेतलेल्यांची कूर्चा खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांहून अधिक झिजली आणि दुखणे मात्र सारखेच राहिले, असे २०१७ साली आढळले. स्वतःच्याच रक्तातील घटक गुडघ्यात सोडण्याचा जो महागडा प्रकार हल्ली शहरांत बोकाळला आहे, त्याची ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर परीक्षा झाली. २०२१ साली निकाल आला, तो खाऱ्या पाण्याहून सरस नव्हता.

उरतो व्यायाम. येथेही आम्ही पदरचे काही घालणार नाही. २०१५ पर्यंतच्या परीक्षांवरून शंभर मापांच्या दुखण्यात व्यायामाने सुमारे बारा मापे कमी होतात असा हिशेब निघाला होता. २०२४ च्या फेरतपासणीत हा लाभ आणखी लहान दिसला. शिवाय पिठाची गोळी देता येते, पिठाचा व्यायाम देता येत नाही. त्यामुळे ही परीक्षाही निर्दोष नव्हे. तथापि मांडीच्या स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाने कोणाच्या पोटात व्रण झालेला नाही. २०२० साली अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांत १५६ रुग्णांवर झालेल्या तुलनेत वर्षाअखेर स्टेरॉइडच्या इंजेक्शनहून व्यायामोपचारांचा गुणच अधिक भरला. त्याला वजनाची जोड दिली तर लाभ वाढतो. स्थूल माणसाचे एक किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजमाप आहे.

हे सारे फसले तर सांधा बदलणे हा खरा उपाय आहे. डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांची तुलना करून २०१५ साली असे दिसले की सांधा बदललेल्यांना गुण निश्चित अधिक आला, गंभीर उपद्रवही त्यांनाच अधिक झाले. पण व्यायाम, आहार व औषध यांवर ठेवलेल्यांपैकी पहिल्या वर्षात फक्त चौथ्या हिश्शालाच शस्त्रक्रियेची पाळी आली. आमच्या सरकारने २०१७ साली कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, नेहमीच्या प्रकारासाठी कराखेरीज ५४,७२० रुपये, हे चांगलेच झाले. आयुष्मान भारत योजनेत सांधाबदलाचा समावेश आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना तिचे दार उघडले आहे. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. आठवड्यातून दोनदा बस पकडून व्यायामोपचार करणाऱ्याकडे जाऊ पाहणाऱ्या पासष्टीच्या बाईला ती शिवत नाही. गुडघा कापायला पैसे आहेत, तो वाचवायला नाहीत, असा याचा अर्थ होतो.

राज्य सरकारने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातील ठरलेल्या दिवशी तरी व्यायामोपचार करणारा माणूस बसवावा, अशी आमची मागणी आहे. जागेची अडचण कोणी पुढे करू नये. पंचायतींची सभागृहे आहेत. देवस्थानांच्या अग्रशाळा उत्सवाचे दिवस सोडले तर बऱ्याचदा मोकळ्याच असतात. सकाळी तासभर त्या उघडून देण्यास महाजनांची हरकत असेल असे आम्हास वाटत नाही. फक्त वर्ग तळमजल्यावर भरवावा.